आधी दिवाणखाना मोजा, मग स्पीकर घ्या

घरात नीट गाणं ऐकायचं म्हणून स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाचा दुकानातला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: किती वॉटचा आहे? विक्रेता मोठा आकडा सांगतो आणि पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्याभोवती फिरतो. दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्याच्या दृष्टीने वॉटचा विचार बराच नंतरचा आहे. आधी खोली आणि तिच्यात स्पीकर कुठे ठेवता येतील ती जागा. मग स्पीकर. मग ॲम्प्लिफायर. वायर आणि बाकीच्या वस्तू सगळ्यात शेवटी. या क्रमाने विचार केला आणि याच क्रमाने पैसे घातले, तर मध्यमवर्गीय घराच्या बजेटमध्येही तानपुऱ्याची जवारी, गायकाचा श्वास आणि डग्ग्याचा घुमारा वेगवेगळा ऐकू येईल असा स्टिरिओ संच उभा राहतो. क्रम उलटा केला तर पैसे जास्त जातात आणि हाती येतो तो फक्त मोठा आवाज.

टेप घेऊन हॉलमध्ये उभे राहा

बाजारात जाण्याआधी घरातली तीन मापं कागदावर लिहून घ्या: हॉलची लांबी-रुंदी, सोफा आणि समोरची भिंत यांतलं अंतर, आणि टीव्हीच्या दोन्ही बाजूंना मिळणारी मोकळी जागा. आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉल साधारण १० बाय १६ फुटांचा असतो. जमिनीला गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. या तिन्ही पृष्ठभागांवरून आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागोमाग झणझण असा बारीक प्रतिध्वनी आला, तर त्या खोलीत कितीही महागडा स्पीकर कर्कश वाटेल. त्यावरचा उपाय स्वस्त आहे: स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जाड कापडाचे पडदे आणि सोफ्यामागे पुस्तकांचं कपाट. हा खर्च स्टिरिओच्या बजेटमध्ये आधीच धरा.

खालच्या स्वरांचं गणित वेगळं असतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर ज्या ध्वनिलहरीच्या अर्ध्या लांबीइतकं असतं, तो स्वर त्या खोलीत फुगतो. १६ फूट लांबीसाठी तो सुमारे ३५ हर्ट्झ, १० फूट रुंदीसाठी सुमारे ५७ हर्ट्झ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी सुमारे ६० हर्ट्झ येतो. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे आपल्या हॉलमध्ये ६० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच घुमतो. अशा खोलीत कोपऱ्यात मोठा सबवूफर ठेवला की ढोलकी, डग्गा आणि बास गिटार यांचा एकच गोळा होतो. त्यातून खालचा-वरचा शेजारी असेल, तर हाच आवाज स्लॅबमधून सगळ्यात आधी त्याच्याकडे पोचतो.

पैशाचा मोठा वाटा स्पीकरला

एकूण बजेटचा निम्म्याहून अधिक भाग स्पीकरच्या जोडीवर खर्च करा. चांगल्या आणि सुमार स्पीकरमधला फरक कोणालाही ऐकू येतो. दोन बऱ्यापैकी ॲम्प्लिफायरमधला फरक मात्र सारख्या आवाजावर ओळखणं जाणकारालाही अवघड जातं.

दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या हॉलसाठी बुकशेल्फ प्रकारचे स्पीकर सर्वांत योग्य: एका पेटीत ५ ते साडेसहा इंचांचा वूफर आणि वर एक छोटा ट्विटर. त्याच पैशात उंच टॉवर मिळत असेल, तर पैसा लाकडाच्या आकारात गेला आणि आतल्या वूफर-ट्विटरवर कमी लागला, अशी शक्यता अधिक. साउंडबार टीव्हीच्या संवादांसाठी सोयीचा आहे. पण त्याचे डावे-उजवे आवाज तीन फुटांच्या आत असल्यामुळे गायक मध्ये, तबला एका अंगाला आणि हार्मोनियम दुसऱ्या अंगाला अशी बैठक कानापुढे उभी राहत नाही. स्टिरिओचं सारं सुख त्या बैठकीत आहे.

‘एवढ्या लहान पेटीतून बेस येईल का?’ ही शंका स्वाभाविक आहे. आपल्या संगीतावर ती तपासून पाहू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ आणि तिच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास. साडेपाच-सहा इंचांच्या वूफरचा नेटका बुकशेल्फ स्पीकर ५५-६० हर्ट्झपर्यंत खाली जातो. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग आणि जुनी चित्रपटगीतं यांसाठी सबवूफरची गरज पडत नाही.

आपल्या संगीताची खरी परीक्षा वरच्या स्वरांत होते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास तबला, मृदंग, तानपुरा आणि वीणा यांच्या नादाचा अभ्यास केला. तबल्याच्या शाईमुळे चामड्यातून सुरेल उपस्वर कसे निघतात आणि जवारीच्या वक्र घोडीमुळे तानपुऱ्याची तार उपस्वरांनी कशी भरून जाते, हे त्यांनी दाखवलं. हे उपस्वर काही हजार हर्ट्झपर्यंत जातात आणि ते ट्विटरच्या वाट्याला येतात. ट्विटर कर्कश असेल तर तानपुरा पत्र्यासारखा वाजतो. तो मंद असेल तर जवारीच नाहीशी होते. म्हणून स्पीकर निवडताना बेसपेक्षा तानपुरा नीट ऐका.

स्पीकरच्या माहितीपत्रकात दोन आकडे पाहा. पहिला संवेदनशीलतेचा: एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो. ८६ ते ८९ डेसिबल असेल तर घरासाठी उत्तम. तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट. हा आकडा कधीकधी २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला दोन वॉट होतात. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरचा असा आकडा तीन डेसिबलने कमी करून वाचा. दुसरा आकडा ओहमचा. ६ ते ८ ओहमचा स्पीकर लहान ॲम्प्लिफायरला झेपतो. ४ ओहमचा घेतलात तर ॲम्पच्या मागच्या बाजूला ४ ओहम चालतील असं छापलंय का, ते पाहून घ्या.

वॉटचा खरा हिशेब

समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे आणि तुम्ही तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर बसला आहात. मोकळ्या जागेत एवढ्या अंतरावर आवाज साडेनऊ डेसिबलने घटतो. दुसऱ्या स्पीकरमुळे सुमारे तीन डेसिबल परत मिळतात, भिंतींमुळे थोडे आणखी. म्हणजे प्रत्येक स्पीकरला फक्त एक वॉट दिला तरी सोफ्यावर ८० डेसिबलच्या आसपास आवाज येतो. नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. यावरून एक वॉट किती मोठा असतो ते लक्षात येईल. तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा उठाव सरासरी आवाजापेक्षा १०-१५ डेसिबल वर जातो, आणि त्यासाठी क्षणभर दहा ते तीस पट शक्ती लागते. म्हणून दिवाणखान्याला प्रत्येक बाजूला ३० ते ५० खरे वॉट भरपूर होतात. ५० चे १०० वॉट केले तर वाढतात ते फक्त तीन डेसिबल.

‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘५००० वॉट पीएमपीओ’ असं लिहिलेलं असेल तर तिकडे दुर्लक्ष करा. त्या मोजणीला सर्वमान्य मानक नाही. आरएमएस वॉट, तेही ८ ओहमवर आणि दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना किती, हे विचारा. सोबत विकृतीची टक्केवारी पाहा. १० टक्के विकृतीवर सांगितलेले वॉट ऐकण्याजोगे नसतात. एक टक्का किंवा त्याहून कमी विकृतीवरचा आकडा धरा.

लहान ॲम्पसोबत लॅपटॉपसारखा अडॅप्टर येतो. त्यावर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे ३६ वॉट. एवढीच वीज आत येत असेल तर बाहेर ‘१०० अधिक १००’ सतत मिळणं शक्य नाही. या प्रकारच्या ॲम्पमध्ये ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ९ वॉट मिळतात, २४ व्होल्टवर सुमारे ३६. म्हणून असा ॲम्प २४ व्होल्ट किंवा त्याहून मोठ्या अडॅप्टरसह घ्या.

बजेटनुसार तीन वाटा

पहिली वाट पॉवर्ड स्पीकरची. यात ॲम्प स्पीकरच्याच पेटीत असतो, ब्लूटूथही बहुधा असतं, आणि वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. एडिफायरच्या आर १२८० मालिकेसारखे ४ इंची वूफरचे, एकूण ४२ वॉटचे स्पीकर लहान हॉलला पुरतात. वीस हजारांच्या आत सगळं बसवायचं असेल, घरात गुंतागुंत नको असेल किंवा भाड्याचं घर वारंवार बदलत असाल, तर हीच वाट धरा. तोटा एवढाच की ॲम्प बिघडला तर स्पीकरही दुरुस्तीला जातो, आणि पुढे एकच भाग बदलून संच सुधारता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे बुकशेल्फ स्पीकर आणि लहान क्लास डी ॲम्प. फोसी, आयिमा अशा कंपन्यांचे तळहाताएवढे ॲम्प टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवर चालतात आणि विजेचं रूपांतर आवाजात इतक्या कार्यक्षमतेने करतात की फारसे तापत नाहीत. मिळणाऱ्या आवाजाच्या मानाने ते स्वस्त असल्यामुळे उरलेला सगळा पैसा स्पीकरवर घालता येतो. तीस ते पन्नास हजारांच्या टप्प्यात मी हाच मार्ग सुचवेन. इथे साठ-पासष्ट टक्के स्पीकरला, वीस-पंचवीस टक्के ॲम्पला आणि बाकीचे स्टँड, वायर आणि सतरंजीला, अशी विभागणी ठेवा.

तिसरी वाट पूर्ण आकाराच्या इंटिग्रेटेड ॲम्पची. यामाहा ए-एस २०१ किंवा डेनॉन पीएमए ६०० एनई यांसारख्या ॲम्पमध्ये रिमोट, टोन कंट्रोल, अनेक इनपुट आणि रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट असतं. घरात टीव्ही, सीडी आणि रेकॉर्ड प्लेअर तिन्ही असतील तर हा खर्च सार्थकी लागतो.

काय काय जोडायचं, ते आधी ठरवा

ॲम्प घेण्याआधी घरातल्या यंत्रांच्या मागची भोकं पाहून या. आजच्या बऱ्याच टीव्हींना हेडफोनची पिन नसते. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी असतं. ॲम्पमध्ये एआरसी असेल तर टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी ती मोठी सोय आहे. ऑप्टिकल जोडलंत आणि आवाज आलाच नाही, तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन ‘पीसीएम’ निवडा. टीव्ही डॉल्बीत आवाज पाठवत असतो आणि साधा स्टिरिओ ॲम्प तो उलगडू शकत नाही, हे त्यामागचं नेहमीचं कारण.

रेकॉर्ड प्लेअरचा संदेश अतिशय क्षीण असतो आणि रेकॉर्ड कापताना त्यातले खालचे स्वर मुद्दाम कमी केलेले असतात. ते पूर्ववत करणारं फोनो इनपुट ॲम्पमध्ये, प्लेअरमध्ये किंवा मधल्या छोट्या डब्यात कुठेतरी एकदा असलंच पाहिजे. दोनदा झालं तर आवाज फाटतो.

टोन कंट्रोलला कमी लेखू नका. आवाज लहान केला की कानाला खालचे स्वर तुलनेने अधिकच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. रात्री घर झोपल्यावर हळू आवाजात ऐकताना बेस थोडा वाढवणं किंवा लाउडनेसचं बटण दाबणं यात काही चूक नाही.

वायर आणि स्टँड

स्पीकरच्या वायरवर हजारो रुपये घालू नका. शुद्ध तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची लवचिक वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. पाच मीटर लांबीला तिचा येण्याजाण्याचा मिळून रोध सुमारे ०.१२ ओहम होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर टाळा. टोक खरवडून आत पांढरी तार दिसली तर ती परत करा.

स्टँडसाठी वेल्डिंगवाल्याकडे जा. लोखंडी चौकोनी पाइप आणि खाली जड पत्रा एवढंच पुरेसं आहे. उंची अशी ठेवा की बसल्यावर ट्विटर कानासमोर येईल. सोफ्यावर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण ३६ ते ४० इंचांवर असतो. गादी-लोडाच्या भारतीय बैठकीवर तो तीसेक इंचांवर येतो. घरात दोन्ही प्रकारे बसत असाल तर स्टँड थोडा बुटका करून स्पीकर किंचित मागे कलता ठेवा.

मांडणी: बिनखर्चाची सर्वांत मोठी सुधारणा

दोन्ही स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा जवळपास समभुज त्रिकोण करा. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट, आणि तुमच्यापर्यंत तेवढंच किंवा थोडं जास्त. मागच्या भिंतीपासून निदान सहा इंच ते एक फूट पुढे आणा. पेटीच्या मागे हवेचं भोक असेल तर हे अंतर अधिक महत्त्वाचं आहे. जागाच नसेल तर त्या भोकात स्पंजचा बोळा घाला, घुमणं लगेच कमी होतं. कोपरा, कपाटाचा माथा आणि टीव्ही युनिटचे बंद कप्पे या तिन्ही जागा टाळा. स्पीकर आडवे झोपवू नका. दोघांची तोंडं थोडी आत, सोफ्याकडे वळवा आणि गाणं चालू ठेवून इंच-इंच सरकवत बघा.

जोडणी झाली की तपासणीसाठी एखादी मोनो रेकॉर्डिंग लावा. जगात स्टिरिओ रेकॉर्ड विक्रीला आल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्याआधी विकल्या गेलेल्या रेकॉर्ड, म्हणजे बालगंधर्वांची नाट्यपदंही, मोनोच आहेत. अशा वेळी आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून, जणू भिंतीतून आला पाहिजे. तो पसरट, पोकळ वाटला आणि बेस गायब झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. ॲम्प बंद करून ती सुलटी करा.

दुकानात ऐकताना आणि जुना माल घेताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातली तपकीर गल्ली, दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर निर्णय घेऊ नका. स्वतःच्या मोबाइलमध्ये ओळखीची चार ध्वनिमुद्रणं न्या: तानपुऱ्यावर नुकता सुरू होणारा एखादा ख्याल, तबल्याचं एकल वादन, फारशा वाद्यांशिवाय गायलेलं एखादं भावगीत, आणि मोठ्या वाद्यवृंदाचं काहीतरी. शेवटच्यासाठी २०१६ च्या ‘सैराट’ची गाणी चांगली. अजय-अतुल यांनी त्यांसाठी परदेशात सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज समान ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच ‘चांगला’ वाटतो आणि तिथेच फसगत होते. गायकाचा आवाज माणसासारखा वाटतो का, एवढा एकच प्रश्न आधी स्वतःला विचारा. अर्धा तास ऐकून कान थकले, तर तो स्पीकर तुमचा नव्हे.

जुने स्पीकर घेताना जाळी काढून वूफरच्या कडेची गोल पट्टी पाहा. फोमची असेल तर ती वर्षांनुवर्षं दमट हवेत राहून भुसभुशीत होते, आणि मुंबई, कोकण, गोव्यात तर हमखास. रबराची पट्टी जास्त टिकते. शंकूवर दोन्ही बाजूंनी बोटांनी हलका, समान दाब द्या. आत खरखर घासल्याचा आवाज आला तर घेऊ नका.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक ॲम्प आणणार असतील तर मागची पट्टी वाचायला सांगा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. फक्त १२० लिहिलेला ॲम्प इथे थेट लावला तर तो जळेल. ‘१०० ते २४०’ लिहिलेला अडॅप्टर मात्र निर्धास्त चालतो.

खरेदीचा क्रम

या महिन्यात हॉल मोजा, टाळी वाजवून पाहा आणि सतरंजी घाला. मग दोन-तीन दुकानांत जाऊन फक्त स्पीकर ऐका आणि त्यांतली एक जोडी पक्की करा. तिच्या ओहमला आणि घरातल्या जोडण्यांना शोभेल असा ॲम्प शेवटी घ्या. संच लागल्यावर पहिले काही आठवडे नवीन काही विकत न घेता स्पीकर सरकवण्यात घालवा. त्यानंतरही बेस कमी वाटला तर सबवूफरचा विचार करा, आणि तोही लहान, आवाज कमी-जास्त करता येणारा. चांगली जोडी पंधरा-वीस वर्षं घरात राहते. तेवढ्या काळात ॲम्प, टीव्ही, फोन सगळं बदलेल, म्हणून निवडीत घाई करायची नाही ती फक्त स्पीकरची.